कानस आणि अनुशेष : धारूरवरून दिसणारा व्यवसाय शिक्षणाचा राज्यकारभार

कारागिरी शिकवणे हे सरकारचे काम आहे, ही कल्पना मराठी मुलखात फार जुनी नाही. दुर्ग बांधण्यासाठी, टांकसाळ चालवण्यासाठी किंवा तोफा ओतण्यासाठी प्रत्येक राजवटीला कारागीर लागत आणि ते मिळतही असत. परंतु ते घडवण्याची जबाबदारी कोणत्याही राज्यकर्त्याने आपल्या दफ्तरात नोंदवून घेतलेली नव्हती. ती घराची, जातीची आणि गावगाड्याची जबाबदारी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ती हळूहळू सरकारकडे सरकली, आणि तिच्यासोबत संचालनालये, मंडळे, परीक्षा, प्रमाणपत्रे आणि प्रवेशक्षमतेचे तक्ते आले. हे स्थित्यंतर मुंबई किंवा पुण्यावरून पाहिले तर ते प्रगतीच्या सरळ रेषेसारखे भासते. बीड जिल्ह्यातील धारूरसारख्या डोंगरमाथ्यावरील गावावरून पाहिले तर त्याच रेषेतील तुटलेली जागा दिसू लागते. काम शिकण्याचे ठिकाण आणि काम करण्याचे ठिकाण यांची फारकत, हीच ती तुटलेली जागा होय.

बालाघाटाच्या रांगेवर वसलेले धारूर तेथील किल्ल्यामुळे किल्लेधारूर म्हणूनही ओळखले जाते. जुन्या महादुर्गाच्या जागी विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार किश्वरखान लारी याने 1567 मध्ये आजचा किल्ला उभारला. दोनच वर्षांनी मूर्तझा निजामशाहाच्या सैन्याने तो जिंकून घेतला आणि त्या लढाईत किश्वरखान मारला गेला. 1631 च्या आरंभी, दख्खनमधील भीषण दुष्काळाच्या दिवसांत, शाहजहानचा सेनानी आझमखान याने धारूर घेतले. मोगल काळात हे ठिकाण फतेहाबाद या नावाने ओळखले जाऊ लागले आणि त्या नावाची टांकसाळ नाणीही पाडू लागली. तीन बाजूंनी खोल दरी असलेल्या टेकाडावर चिरेबंदी तट उभा करणे, उघड्या बाजूस खंदक खोदणे, गडावर पाण्याचे साठे राखणे आणि पुढे नाण्यांचे ठसे कोरणे, ही सगळी कसबाची कामे होती. पाथरवट, लोहार, सुतार, ओतारी आणि ठसे कोरणारे यांच्यावाचून यांतील एकही काम पुरे होणे शक्य नव्हते, तरीही त्यांच्या शिक्षणाची स्वतंत्र व्यवस्था त्या काळच्या कारभारात आढळत नाही, कारण शिक्षण कामातच मुरलेले होते.

गावपातळीवर हीच पद्धत बलुतेदारीच्या रूपाने नांदत होती. गावाच्या शेतीला आणि घरांना लागणारी कामे वंशपरंपरेने करणाऱ्या कारागिरांना व सेवकांना पिकाच्या राशीतून दरसाल ठरलेला वाटा मिळत असे. या वाट्याला बलुते आणि तो घेणाऱ्याला बलुतेदार म्हणत. लोहाराचा मुलगा आधी भाता ओढू लागे, मग घण उचलू लागे आणि तापलेल्या लोखंडाचा रंग ओळखता येऊ लागल्यावरच त्याच्या हाती सांडशी येई. या शिक्षणाला वेगळी फी नव्हती, परीक्षा नव्हती आणि बेकारीही नव्हती, कारण शिकणाऱ्याचे गिऱ्हाईक जन्माआधीच ठरलेले होते. तथापि याच व्यवस्थेने कसबाला जातीचे कुंपण घातले. महाराच्या मुलाला सुतारकाम किंवा कुणब्याच्या मुलीला लोहारकाम शिकण्याची वाट तिच्यात नव्हती, आणि गावाबाहेरचे नवे तंत्र आत येण्यासही तिच्यात फारसा वाव नव्हता. बीड शहराची चामड्याची छागळ म्हणजे पाणी वाहून नेण्याची पिशवी आणि काठीत पाते लपवलेली गुप्ती यांचा इंग्रजी काळातील गॅझेटिअरांत उल्लेख येतो, म्हणजे कसब नावाजलेले होते. पण ते ठरावीक घरांच्या भिंतींबाहेर पडत नव्हते.

निजामी राज्यातील औद्योगिक शाळा

कसब शाळेत शिकवता येते, हा विचार धारूर ज्या निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होते तेथे सय्यद हुसेन बिल्ग्रामी यांच्या कारकिर्दीत प्रत्यक्षात आला. संस्थानाच्या शिक्षण खात्याचे प्रमुख असताना त्यांनी हैदराबाद, वरंगळ आणि औरंगाबाद येथे तीन औद्योगिक शाळा सुरू केल्या. औद्योगिक शाळा म्हणजे सुतारकाम, लोहारकाम, विणकाम यांसारखी हातकामे वर्गाच्या वेळापत्रकात बसवून शिकवणारी शाळा. या तिन्ही ठिकाणांची निवड लक्षात घेण्याजोगी आहे, कारण राजधानी आणि सुभ्यांची ठाणी एवढ्यापुरताच हा प्रयोग पोचला. धारूरच्या मुलाला औरंगाबाद गाठायचे तर आधी घाट उतरून बीड आणि तेथून पुढे आणखी मोठा पल्ला होता, आणि जिल्ह्याच्या या भागात रेल्वे नव्हती.

अंतराइतकाच दुसरा अडसर भाषेचा होता. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचे धाडस केले, ही त्या काळातील मोठीच गोष्ट होती. परंतु ती भाषा उर्दू होती, आणि 1929 मध्ये सुरू झालेल्या तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयापर्यंत पोचण्यासाठी मराठी, तेलुगू किंवा कन्नड घरातील मुलाला प्रथम उर्दूचा उंबरठा ओलांडावा लागे. मराठवाड्यात याच काळात उभ्या राहिलेल्या खासगी शाळांचा मुख्य भर साहजिकच मातृभाषा आणि राष्ट्रीय जागृती यांवर राहिला. हिप्परग्याची 1921 ची राष्ट्रीय शाळा आणि धारूरच्या शेजारच्या अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा ही त्याची ठळक उदाहरणे होत, आणि या दोन्ही ठिकाणी काम केलेले स्वामी रामानंद तीर्थ पुढे संस्थानातील स्वातंत्र्यलढ्याचे नेते झाले.

याच्या कितीतरी आधीपासून शेजारच्या मुंबई इलाख्यात निराळेच घडत होते. 1887 मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली ती कापड गिरण्यांच्या भोवऱ्यात. गिरणीला यंत्र चालवणारा, दुरुस्त करणारा आणि कापडाचे गणित जाणणारा माणूस हवा होता, आणि शाळा त्या गरजेच्या पोटी जन्मली. हैदराबाद संस्थानानेही 1929 मध्ये औद्योगिक निधी उभारून कारखान्यांना भांडवल पुरवले, पण त्यातून वाढलेले उद्योग प्रामुख्याने राजधानीभोवती आणि बोधनच्या साखर कारखान्यासारख्या निवडक जागी एकवटले. मराठवाड्याच्या वाट्याला आलेल्या कापड गिरण्या औरंगाबाद आणि नांदेड येथे होत्या. बालाघाटावरील गावांपर्यंत ना कारखाना पोचला, ना कारखान्यासाठी माणूस घडवणारी शाळा. शिक्षण आणि काम यांतील दरी रुंदावण्यापूर्वी येथे दोहोंचाही अभाव होता, हे ध्यानात ठेवल्यास पुढील घडामोडींचा अर्थ अधिक नेमका लागतो.

1 नोव्हेंबर 1956

आज जिला आयटीआय म्हणतात त्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. युद्ध संपता संपता सैन्यातून मोकळ्या होणाऱ्या लाखो जवानांना नागरी जीवनात कामाला लावण्यासाठी 1945 मध्ये केंद्र सरकारने पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन केले. या खात्याने एका हाताने रोजगार विनिमय केंद्रे, म्हणजे नोकरी शोधणारा आणि नोकरी देणारा यांची गाठ घालणारी कार्यालये, आणि दुसऱ्या हाताने प्रशिक्षण केंद्रे चालवली. 1950 मध्ये त्यातूनच शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना आकाराला आली आणि देशभरात सुमारे 50 संस्था उभ्या राहिल्या. या जन्मकथेतील महत्त्वाची बाब अशी की, प्रशिक्षण आणि रोजगार ही दोन्ही कामे एकाच खात्याकडे होती. माणूस शिकवायचा तो अमुक कामावर पाठवण्यासाठीच, हे त्या रचनेतच गृहीत धरलेले होते.

1952 च्या शिवराव समितीने या संस्थांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे सोपवण्याची शिफारस केली आणि तिची अंमलबजावणी 1 नोव्हेंबर 1956 रोजी झाली. खर्चाचा 60 टक्के भार केंद्राने आणि 40 टक्के राज्याने उचलायचा, असे ठरले. हाच दिवस मराठवाड्याच्या इतिहासात दुसऱ्या कारणाने नोंदला गेलेला आहे, कारण भाषावार पुनर्रचनेनुसार हैदराबाद राज्य त्या दिवशी संपुष्टात आले आणि औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाले. ज्या दिवशी धारूर नव्या राज्यात आले, त्याच दिवशी त्या राज्याच्या हाती कारागीर घडवण्याचा कारभारही आला.

त्याच दिवसाशी तिसरी घटनाही बांधलेली आहे. संविधानाच्या सातव्या दुरुस्तीने कलम 371 ला नवे रूप दिले आणि त्याच्या दुसऱ्या खंडात मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवण्याची तरतूद केली. विकासमंडळे आणि निधीचे समन्यायी वाटप यांच्या जोडीने त्यात तंत्रशिक्षण व व्यवसाय प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी आणि राज्य सरकारच्या सेवांत नोकरीच्या पुरेशा संधी यांचा उल्लेख एकाच उपखंडात येतो. या तरतुदीमागे 1953 च्या नागपूर कराराची पार्श्वभूमी होती. विदर्भ आणि मराठवाड्यातील नेत्यांनी संयुक्त महाराष्ट्रात येण्यापूर्वी जी आश्वासने मागितली, त्यांत शिक्षण आणि नोकरी यांना मोठे स्थान होते. संविधानात एखाद्या प्रदेशाच्या व्यवसाय प्रशिक्षणाचा असा थेट निर्देश असणे ही असाधारण गोष्ट आहे, आणि त्याहून असाधारण गोष्ट ही की संविधानाच्या या वाक्यात शिकण्याची सोय आणि काम मिळण्याची संधी यांमध्ये केवळ एक स्वल्पविराम आहे.

केंद्राचा अभ्यासक्रम, राज्याची इमारत

1956 नंतर घडलेली कारभाराची वाटणी आजही ढोबळमानाने टिकून आहे. काय शिकवायचे, किती काळ शिकवायचे, परीक्षा कशी घ्यायची आणि प्रमाणपत्र कोणत्या नावाने द्यायचे, हे राष्ट्रीय पातळीवरील व्यवसाय प्रशिक्षण परिषदेने ठरवायचे. इमारत बांधणे, यंत्रे घेणे, निदेशक नेमणे आणि प्रवेश देणे हे राज्याने करायचे. संस्थेत शिकवल्या जाणाऱ्या प्रत्येक कामाला येथे व्यवसाय म्हणतात आणि शिकवणाऱ्याला शिल्प निदेशक. व्यवसायांची मराठी नावे हा मराठी परिभाषेचा एक दुर्लक्षित ठेवा आहे. फिटरला जोडारी, टर्नरला कातारी, इलेक्ट्रिशियनला वीजतंत्री, वायरमनला तारतंत्री, वेल्डरला संधाता, मशीनिस्टला यंत्र कारागीर, प्लंबरला नळ कारागीर अशी ती नावे प्रवेशाच्या माहितीपुस्तिकांत आणि संस्थांच्या फलकांवर वर्षानुवर्षे छापली गेली आहेत. बोलण्यात मात्र मुलगा फिटरला लागला असेच म्हटले जाते, आणि जोडारी हा शब्द कागदापुरताच राहतो.

या नावांतून दिसणारे शिक्षण प्रत्यक्षात कसे असते, हे जोडारी व्यवसायाच्या पहिल्या काही आठवड्यांवरून कळते. प्रशिक्षणार्थ्याच्या हाती तेव्हा यंत्र येत नाही, कानस येते. कामाच्या बाकाला पक्का बसवलेल्या व्हाइसमध्ये मऊ पोलादाचा चपटा तुकडा आवळायचा, दोन्ही पाय ठराविक अंतरावर रोवायचे आणि कानस पुढे नेताना दाब द्यायचा, मागे आणताना तो सैल करायचा. नवख्या हातात कानस डुलते आणि तुकड्याची कड मधे फुगीर, टोकांना उतरती होते. मग गुण्या, म्हणजे काटकोन तपासण्याचे साधन, कडेला लावून तुकडा उजेडाकडे धरायचा. धातू आणि गुण्या यांच्या फटीतून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा कानस. कड सरळ आली की पोलादी पट्टीवरून व्हर्नियर कॅलिपरवर जायचे आणि मिलिमीटरच्या अंशांचा हिशेब सुरू होतो. अखेरीस दोन वेगवेगळे तुकडे असे घासावे लागतात की एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खाचेत अलगद बसावा. भाता ओढण्यापासून सुरुवात करणारा लोहाराचा मुलगा आणि कानसेपासून सुरुवात करणारा हा प्रशिक्षणार्थी यांच्यात एक साम्य आहे, दोघांनाही हाताला धीर शिकवावा लागतो. आणि एक मोठा भेदही आहे. लोहाराच्या मुलाने घासलेला फाळ त्याच आठवड्यात एखाद्याच्या शेतात चाले, तर प्रशिक्षणार्थ्याने घासलेला तुकडा तपासून, गुण देऊन, नोंदवहीत लिहून कपाटात ठेवला जातो.

या भेदाची सरकारला जाणीव नव्हती असे नाही. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा ही त्या जाणिवेचीच साक्ष आहे. संस्थेत शिकून बाहेर पडलेल्या तरुणाने ठराविक काळ कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून राहावे, कारखान्याने त्याला विद्यावेतन द्यावे आणि त्या काळात त्याने चालू उत्पादनावर हात बसवावा, अशी ती योजना होती. शिक्षण आणि काम यांचा जुना सांधा कायद्याने पुन्हा जोडण्याचा तो प्रयत्न म्हणावा लागेल. परंतु या सांध्यासाठी दुसरे टोक, म्हणजे कारखाना, आवाक्यात असावा लागतो. जेथे तो होता तेथे योजना रुजली. जेथे नव्हता तेथे ती स्थलांतराचे आणखी एक निमित्त ठरली.

खात्यांची वाढ आणि अनुशेषाचे मोजमाप

महाराष्ट्राला या क्षेत्रातील कारभाराची चौकट मुंबई राज्याकडून वारशाने मिळाली. 1948 मध्ये तंत्रशिक्षण संचालनालय स्थापन झालेले होते. पदविका परीक्षांसाठी 1963 मध्ये तंत्रशिक्षण परीक्षा मंडळ आले. 1960 मध्ये औरंगाबादला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाल्याने मराठवाड्यात पदवीपर्यंतची वाट खुली झाली. औद्योगिक प्रशिक्षण संस्था वाढत गेल्या तसा त्यांचा भार तंत्रशिक्षण संचालनालयाला पेलेना, आणि 1984 मध्ये व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय वेगळे करण्यात आले. दोन वर्षांनी व्यवसाय परीक्षांसाठी स्वतंत्र राज्य मंडळ झाले, आणि अकरावी-बारावीच्या पातळीवर 1988-89 पासून किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम सुरू झाले, ज्यांना कनिष्ठ महाविद्यालयांच्या आवारात एमसीव्हीसी या आद्याक्षरांनीच ओळखले जाई. पदवी व पदविका एका संचालनालयाकडे आणि कारागिरी दुसऱ्याकडे, ही विभागणी कारभाराच्या सोयीची होती; परंतु तिने अभियंता आणि कारागीर यांच्यातील सामाजिक अंतरावरही शासकीय शिक्का उमटवला.

संचालनालय वेगळे झाले त्याच वर्षी मराठी राजकीय भाषेला एक शब्द नव्याने मिळाला. राज्यातील प्रादेशिक असमतोल तपासण्यासाठी 1983 मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि 1984 मध्ये तिचा अहवाल आला. समितीने जिल्हा हे मोजमापाचे एकक मानले, प्रत्येक क्षेत्रातील राज्याची सरासरी काढली आणि जो जिल्हा त्या सरासरीच्या खाली असेल त्याला तेथवर आणण्यासाठी लागणारा खर्च म्हणजे त्या जिल्ह्याचा अनुशेष, अशी व्याख्या केली. शिलकी किंवा राहून गेलेला भाग हा अर्थ सांगणारा हा संस्कृत शब्द तेव्हापासून विधिमंडळातच नव्हे तर गावच्या पारावरही वापरला जाऊ लागला. राज्याचा एकूण अनुशेष 3186.78 कोटी रुपये ठरला आणि त्यात मराठवाड्याचा वाटा 750.85 कोटींचा, म्हणजे सुमारे 24 टक्के होता. रस्ते, सिंचन, वीज, आरोग्य यांच्याबरोबर तंत्रशिक्षण हेही मोजणीचे एक क्षेत्र होते, आणि ते मोजण्याची फूटपट्टी होती लोकसंख्येच्या प्रमाणात उपलब्ध असलेली प्रवेशक्षमता, म्हणजे जागांची संख्या.

या फूटपट्टीने मोठे काम केले, हे मान्यच करावे लागेल. मागास भागातील मागणीला तिने आकड्यांची भाषा दिली, आणि आकड्यापुढे अंदाजपत्रक मांडणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. कलम 371 मधील विकासमंडळे प्रत्यक्षात येण्यास 1994 साल उजाडावे लागले आणि त्यांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. मध्यंतरी निर्देशांक व अनुशेष समितीने पुन्हा मोजणी केली आणि विजय केळकर समितीने 2013 मध्ये संतुलित प्रादेशिक विकासाचा नव्याने विचार मांडला. या साऱ्या रेट्यातून तालुका तेथे औद्योगिक प्रशिक्षण संस्था हे धोरण पुढे सरकले. दीर्घकाळ केज तालुक्यात असलेले धारूर स्वतंत्र तालुका झाल्यावर त्या धोरणाच्या कक्षेत आले आणि तेथेही शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभी राहिली. आज राज्यात 400 हून अधिक शासकीय संस्था आहेत. ज्या गावातील मुलाला निजामी काळात औरंगाबाद गाठल्यावाचून औद्योगिक शाळेचे तोंड दिसत नव्हते, त्याच्या तालुक्यात आता वीजतंत्री किंवा जोडारी होण्याची वाट आहे, आणि ती वाट जात विचारून बंद होत नाही. उलट आरक्षणाने ती मुद्दाम रुंद केलेली आहे. बलुतेदारीच्या तुलनेत हा बदल क्रांतीइतकाच मोठा आहे.

तथापि जागांच्या संख्येने अनुशेष मोजण्यात संविधानातील वाक्याचा अर्धाच भाग मोजला गेला. तालुक्यात किती जागा आहेत हे तक्त्यात आले. त्या जागांवर शिकून बाहेर पडलेल्याला तालुक्यात काय काम आहे, हे तक्त्याबाहेर राहिले. सोयी आणि संधी यांच्यामधल्या स्वल्पविरामाची जागा कारभाराने पूर्णविरामाला दिली.

हंगाम आणि सत्र

धारूरच्या परिसरात या उणिवेचा अर्थ काय होतो, हे तेथील कामाच्या वार्षिक चक्रावरून समजते. उथळ जमीन, कोरडवाहू शेती आणि अवर्षण यांमुळे बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातून दरवर्षी मोठ्या संख्येने कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तोडीचा करार मुकादमामार्फत होतो. हंगामापूर्वी त्याने दिलेल्या आगाऊ रकमेला उचल म्हणतात, आणि नवरा-बायको मिळून तोडणी करणाऱ्या जोडीला एक कोयता म्हणून मोजतात. ज्या व्यवस्थेत माणसांची गणती अवजाराच्या नावाने होते, तिच्यात कसबाला किंमत असते ती केवळ वेगाच्या रूपाने. किती टन तोडले एवढाच तिचा हिशेब असतो.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे सत्र साधारणपणे ऑगस्टमध्ये सुरू होते आणि ऊसतोडीचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास. म्हणजे कानस कुठे हातात स्थिरावू लागते, तोच घरातील मोठी माणसे बैलगाडी किंवा ट्रॅक्टरने गाव सोडतात आणि उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. मागे राहणाऱ्या मुलाला म्हाताऱ्या आजीसोबत घर आणि जनावरे सांभाळावी लागतात, किंवा मग तोही फडावर जातो. व्यवसाय प्रशिक्षणात हजेरीला पुस्तकी शिक्षणापेक्षा अधिक महत्त्व असते, कारण चुकलेला धडा घरी वाचून काढता येतो, पण व्हाइसपुढे न उभा राहिलेला महिना भरून काढता येत नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना होती, आणि 2021 मध्ये राज्याने संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृह योजना आणली, ती याच अडचणीवर बोट ठेवणारी आहे. मात्र ती सामाजिक न्याय विभागाची आहे, प्रशिक्षण संस्था दुसऱ्या विभागाच्या आणि साखर कारखाने तिसऱ्याच खात्याच्या अखत्यारीत येतात. एकाच घरातील एकाच वर्षाचे हे तीन प्रश्न सरकारी दफ्तरात तीन निरनिराळ्या टेबलांवर पोचतात.

काम मात्र दुसरीकडे वाढत गेले. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर औरंगाबादभोवती चिकलठाणा आणि नंतर वाळूज येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. 1985 मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यावर मराठवाड्यातील जोडारी, कातारी आणि संधाते यांना प्रथमच प्रदेशातल्या प्रदेशात मोठी बाजारपेठ लाभली. बीड जिल्ह्यातच परळीचे औष्णिक विद्युत केंद्र 1971 पासून वीज निर्माण करू लागले आणि वीजतंत्र्यांना ते जवळचे आशास्थान ठरले. परंतु एक वीजकेंद्र जिल्ह्यातील सर्व तालुक्यांचे प्रशिक्षित तरुण सामावून घेऊ शकत नाही. त्यामुळे धारूरच्या प्रमाणपत्राचा रस्ता बहुधा वाळूजकडे किंवा पुण्याजवळच्या भोसरी-चाकणकडे जातो. आईबाप कोयता घेऊन ज्या दिशेने जातात त्याच दिशेने मुलगा प्रमाणपत्र घेऊन निघतो. त्याची मजुरी अधिक असते, काम सन्मानाचे असते, पण गाव सोडावे लागते ते दोघांनाही.

व्यवसायांची यादी देशपातळीवर आणि प्रामुख्याने कारखान्याच्या गरजेतून तयार झालेली असल्याने स्थानिक साधनसंपत्तीला तिच्यात दुय्यम जागा मिळाली, हेही येथे नोंदवले पाहिजे. बालाघाटाच्या उतारांवर सीताफळाची झाडे आपोआप वाढतात आणि बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या उत्पादनाला कायद्याने मिळणारी ओळख, प्राप्त झाले. झाडावरून उतरवल्यावर दोन-तीन दिवसांत मऊ पडणाऱ्या या फळाचा गर काढणे, तो गोठवणे आणि टिकवणे हे नेमके तांत्रिक कसबाचे काम आहे. तरीही डोंगरी तालुक्यातील व्यवसाय शिक्षणाच्या कल्पनेत जोडारी आणि तारतंत्री जितके मध्यभागी राहिले, तितके हे कसब कधी आले नाही.

नव्या नावांचा काळ

एकविसाव्या शतकात या कारभाराची नावे आणि पाट्या झपाट्याने बदलल्या. 2007-08 मध्ये केंद्राने देशातील 1396 शासकीय संस्थांसाठी सार्वजनिक-खासगी भागीदारीची योजना आणली; प्रत्येक संस्थेला अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज आणि उद्योजकाच्या अध्यक्षतेखाली संस्था व्यवस्थापन समिती, असे तिचे स्वरूप होते. जेथे उद्योग होते तेथे अशा समितीला अर्थ होता. जेथे नव्हते तेथे दूरच्या उद्योजकाकडे अध्यक्षपद जाणे अपरिहार्य होते. 2015 मध्ये केंद्रात प्रशिक्षणाचा कारभार श्रम मंत्रालयाकडून नव्या कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेला, आणि महाराष्ट्रातही औद्योगिक प्रशिक्षण संस्था उच्च व तंत्र शिक्षण विभागातून निघून कौशल्य विकासासाठीच्या स्वतंत्र विभागाकडे आल्या. शिकाऊ उमेदवार कायद्यात 2014 मध्ये दुरुस्ती होऊन उमेदवारांची संख्या ठरवण्याची पद्धत लवचिक करण्यात आली. पुढे राज्याने कौशल्य विद्यापीठ स्थापन केले आणि 2024 मध्ये त्याला रतन टाटा यांचे नाव दिले.

या फेररचनांचा एक इष्ट परिणाम असा की, 1945 च्या मूळ खात्यात एकत्र असलेली प्रशिक्षण आणि रोजगार ही कामे कौशल्य आणि रोजगार या शब्दांच्या रूपाने राज्याच्या विभागाच्या नावात पुन्हा शेजारी आली. नाव जोडल्याने काम जोडले जात नाही, हे मात्र 1956 पासूनचा अनुभव सांगतो. कलम 371 मधील तरतूद धारूरसाठी पुरती अमलात आणायची तर मोजणीच्या तक्त्यात प्रवेशक्षमतेच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने लागतील : तालुक्यापासून दिवसाच्या प्रवासात येणाऱ्या शिकाऊ उमेदवारीच्या जागा किती, ऑगस्टमध्ये दाखल झालेल्यांपैकी ऊसतोडीच्या हंगामानंतर टिकलेले किती, आणि प्रमाणपत्र घेतल्यावर दोन वर्षांनी त्या कसबावर पोट भरणारे किती. यांतील एकही आकडा मिळवणे अशक्य नाही. संस्थेची हजेरीवही, कारखान्याची विद्यावेतनाची नोंद आणि रोजगार कार्यालयाची यादी यांत तो विखुरलेला आहे. या तीन वह्या एका टेबलावर येतील तेव्हा अनुशेष या शब्दाचा अर्थ धारूरच्या प्रशिक्षणार्थ्याच्या बाजूने बदललेला असेल, आणि गुण्या लावून उजेडाकडे धरलेल्या तुकड्यासारखी नेमकी फट कोठे आहे, ते राज्यालाही दिसेल.